डॉर्सीची गाणी आणि तुझा अबोला

अगं छोटे, रविवारच्या उपासनेला तू हल्ली मागच्या बाकावर बसतेस आणि गाणं सुरू झालं की ओठ मिटून घेतेस, हे मला आईने सांगितलं. तक्रार म्हणून नाही सांगितलं गं, तिला काळजी वाटते. मग मी तुला फोन केला तेव्हा तू एवढंच बोललीस, ‘ताई, पप्पा गेल्यापासून स्तुतिगीत गाताना आपण देवासमोर खोटं बोलतोय असं वाटतं.’ आणि गप्प झालीस.

तुझं ते बोलणं मला फार खरं वाटलं. ‘असं बोलू नये’ म्हणून ते झटकून टाकायचं माझ्या मनातही आलं नाही. म्हणून आज सवडीने लिहितेय. आणि तुला एका गाणाऱ्या माणसाबद्दल सांगणार आहे, कारण तुझ्या प्रश्नापाशी तो तुझ्याआधी येऊन गेलाय, आणि तिथे जे झालं ते त्याने लपवलं नाही. त्याचं नाव थॉमस अँड्र्यू डॉर्सी. अमेरिकेत त्याला गॉस्पेल संगीताचा जनक म्हणतात. यूट्यूबवर शोधशील तेव्हा एक लक्षात ठेव, टॉमी डॉर्सी नावाचा एक गोरा बँडवाला होऊन गेला, तो निराळा. आपला डॉर्सी कृष्णवर्णीय, पियानोवर बसलेला, चेहऱ्याने जरा गंभीर.

त्याचा जन्म १ जुलै १८९९चा, जॉर्जिया राज्यातल्या व्हिला रिका या लहान गावातला. गुलामगिरी संपून तेव्हा पस्तीस वर्षंही झाली नव्हती. वडील गावोगाव प्रवचनं करत, पण पोट भरायचं ते दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने राबून. आई ऑर्गन वाजवायची. पुढे कुटुंब अटलांटाला आलं. गावाकडे उपदेशकाचं घर म्हणून मान होता, शहरात त्यांना कुणी विचारेना. पोराने शाळा सोडली आणि ‘८१’ नावाच्या थिएटरात सोडा-सरबत विकायला लागला. विकता विकता तिथे पियानो वाजवणाऱ्यांच्या बोटांकडे बघत राहायचा आणि तसाच शिकला. घरात आईची भक्तिगीतं, बाहेर थिएटरातलं ब्लूज. या दोन्ही गोष्टी एकाच कानाने ऐकल्या त्याने, आणि जन्मभर त्यांना एकमेकींपासून तोडलं नाही. मला त्याचं सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर हेच.

पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला दक्षिणेतले लाखो कृष्णवर्णीय लोक उत्तरेकडच्या शहरांत कामाला जात होते. त्यांच्याबरोबर डॉर्सीही शिकागोला गेला. तिथे घरभाडं जमवायला लोक रात्री आपल्याच घरी पार्ट्या ठेवत, पाहुण्यांकडून पैसे घेत, आणि वाजवायला एखादा पियानोवाला बोलवत. फार आवाज झाला तर पोलीस यायचे. डॉर्सी इतकं हळू वाजवायचा की ‘कुजबुजणारा पियानोवाला’ असंच त्याचं नाव पडलं. पुढे १९२४ साली मा रेनी या ब्लूजच्या मोठ्या गायिकेने त्याला आपल्या बँडचा प्रमुख केलं. १९२५ साली त्याचं नेटी हार्परशी लग्न झालं, तेव्हा नवरा-बायकोला बरोबर फिरता यावं म्हणून रेनीने नेटीला आपला कपडेपट सांभाळायला ठेवून घेतलं.

ब्लूज म्हणजे काय ते तुला गाणारी म्हणून सांगते. कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मध्ये कुठेतरी सूर रेंगाळतो, निषादाचंही तसंच. पेटीच्या पट्ट्यांत ती जागा मिळत नाही, गळ्यात मिळते. बारा बारचं आवर्तन असतं. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. आणि विषय? माणूस निघून गेला, पैसे संपले, गाव सुटलं, झोप येत नाही. ब्लूजमध्ये दुःखाला आधी त्याचं नाव मिळतं. त्यातून वाट निघेल असं वचन कुणी देत नाही. नाव मिळालं की ते जरा उचलता येतं, इतकंच.

१९२६च्या सुमाराला हा माणूस आतून कोसळला. दोनेक वर्षं त्याला धड काम होईना. जीव द्यावा असे विचार यायचे. नेटीने त्या दिवसांत घर ओढलं. शेवटी तो देवळात गेला, एका उपदेशकाने त्याच्यासाठी प्रार्थना केली, आणि हळूहळू तो उठून बसला. त्याच काळात त्याचा एक शेजारी अचानक गेला. त्या धक्क्यात डॉर्सीने ‘इफ यू सी माय सेव्हियर’ हे गाणं लिहिलं. मरणाऱ्या शेजाऱ्याजवळ तो येशूसाठी निरोप देतोय, की तिकडे गेलास तर सांग, मी तुला भेटलो होतो. किती साधी कल्पना आहे बघ. आपल्या भागातल्या माणसाला शहराला जाताना ‘आमच्या पोराला भेटलास तर सांग’ म्हणतात ना, तसं. त्यात धर्मशास्त्र काही नाही. शेजारी गेलाय, आणि ज्याच्याकडे गेलाय तो आपल्या ओळखीचा आहे.

आता पुढचं ऐक, कारण पुष्कळ लोक हे वगळून सांगतात. एवढं गाणं लिहिल्यावर डॉर्सी ब्लूज सोडून शुद्ध भक्तीला लागला असं झालं नाही. १९२८ साली त्याने टॅम्पा रेड नावाच्या गिटारवाल्याबरोबर ‘इट्स टाइट लाइक दॅट’ हे चावट, दुहेरी अर्थाचं गाणं रेकॉर्ड केलं. ते धो धो विकलं गेलं. रेकॉर्डवर त्याचं नाव होतं जॉर्जिया टॉम. घरात पैसा नव्हता, हात बसला होता तो ब्लूजवर, आणि देवळं त्याची गाणी घेत नव्हती. पुढची काही वर्षं तो दोन्हीकडे वाजवत राहिला.

आपल्या उज्जीवन सभांमधल्या साक्षी तू लहानपणापासून ऐकल्या आहेस. आधी मी असा होतो, मग प्रभू भेटला, आणि त्या दिवसापासून मी तसा राहिलो नाही. मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ. काहींच्या आयुष्यात ती रेघ असते, मी नाही म्हणत नाही. डॉर्सीच्या आयुष्यात ती नव्हती. तो देवाकडे आला, परत वळला, आजारी पडला, पुन्हा आला, पैशासाठी बाहेर वाजवलं, पुन्हा आला. म्हातारपणीही त्याने आपल्या ब्लूजची लाज बाळगली नाही. उलट ब्लूजमध्ये आणि गॉस्पेलमध्ये भावना तीच असते, असं तो सांगत राहिला. माझा तर त्याच्यावर यामुळेच विश्वास बसतो. ज्याला स्वतःचा अर्धा भाग घरी कोंडून देवळात यावं लागत नाही, त्याच्या तोंडी ‘प्रभू’ हा शब्द ऐकताना मला कधी संकोच होत नाही.

देवळांनी मात्र त्याला सहज आत घेतलं नाही. शिकागोतल्या मोठ्या, प्रतिष्ठित कृष्णवर्णीय बाप्टिस्ट देवळांत तेव्हा युरोपातली शास्त्रशुद्ध समूहगीतं गायली जात. टाळ्या वाजवणं, डोलणं, मध्येच हाक मारणं हे खेडवळपणाचं लक्षण समजलं जायचं. दक्षिणेतून नुकत्याच आलेल्या मोलकरणी, हमाल, कसाईखान्यातले मजूर आपापल्या गावचं गाणं दाराबाहेर ठेवून आत येऊन बसत. अशात डॉर्सी ब्लूजचा ठेका आणि तो रेंगाळणारा गंधार घेऊन आला. त्याने उसने पैसे घेऊन आपल्या गाण्याच्या पाचशे प्रती देशभरच्या देवळांना टपालाने पाठवल्या, आणि मग कितीतरी काळ एकही मागणी आली नाही. चांगल्या चांगल्या देवळांतून मला बाहेर काढलंय, असं तो पुढे सांगायचा.

हे वाचताना मला आपले टिळक आठवतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं पुष्कळ चालायची. टिळकांनी अभंग आणले, ओव्या आणल्या, भजनं आणली. कृष्णराव सांगळ्यांची कीर्तनं तर आधीपासून होतीच. म्हणून तर पप्पा ‘उपासना संगीत’ उघडून पेटीवर बसले की शेजारच्या आळीतली माणसंही दारात येऊन उभी राहायची. माणूस ज्या सुरात घरी रडतो त्याच सुरात त्याला देवाशी बोलू द्यावं, हे टिळकांना नगरमध्ये समजलं आणि डॉर्सीला शिकागोत. दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता.

१९३० साली बाप्टिस्ट मंडळ्यांचं मोठं राष्ट्रीय अधिवेशन शिकागोला भरलं. तिथे त्याचं ते शेजाऱ्याचं गाणं कुणीतरी गायलं आणि सभा पेटली. मग मागणी सुरू झाली. थिओडोर फ्राय हा गाणारा मित्र मिळाला. फ्राय गाता गाता देवळात येरझाऱ्या घालायचा, आणि डॉर्सी उठून उभ्यानेच पियानो वाजवायचा. १९३२ साली पिलग्रिम बाप्टिस्ट चर्चने त्याला आपल्या गायकवृंदाचा प्रमुख नेमलं. तेव्हा अमेरिकेत महामंदी होती, आणि शिकागोच्या त्या वस्तीत कामं गेलेली माणसं घरोघर होती. त्यांना डॉर्सीची गाणी लागली. आता सगळं नीट होईल असं वाटावं असे ते दिवस.

ऑगस्ट १९३२. नेटीचे दिवस भरत आले होते. डॉर्सीला सेंट लुईसला एका उज्जीवन सभेत गायला जायचं होतं. जावंसं वाटत नव्हतं, तरी निघाला. बऱ्याच अंतरावर गेल्यावर लक्षात आलं की गाण्यांची पिशवी घरीच राहिली. परत आला. नेटी झोपली होती. थांबावं का, असं त्याच्या मनात येऊन गेलं. तिला न उठवता तो पिशवी घेऊन हलकेच बाहेर पडला. सेंट लुईसला सभा रंगली होती, लोक आणखी गा, आणखी गा म्हणत होते, तेवढ्यात तार आली. नेटी बाळंतपणात गेली. तो धावत घरी आला. मुलगा झाला होता. तोही लगेच गेला. आईला आणि बाळाला एकाच पेटीत ठेवून पुरलं.

हे पुढचं डॉर्सीने स्वतः आयुष्यभर सांगितलं, भर सभांतून सांगितलं, म्हणून मीही तुला न कचरता सांगते. त्याला वाटलं, देवाने आपल्यावर अन्याय केला. आता याची सेवा करायची नाही, याच्यासाठी एकही गाणं लिहायचं नाही, आपण आपले ब्लूजकडे परत जाऊ. तो घरात बसून राहिला.

तू म्हणतेस गाताना खोटं बोलल्यासारखं वाटतं. डॉर्सी गायलाच नाही त्या दिवसांत. आणि ते त्याचं बरोबर होतं. रागावलेल्या माणसाने देवासमोर राग घेऊनच बसावं. आपल्या जनाबाईने विठोबाला काय काय सुनावलंय, आणि तिला कुणी अभक्त म्हटलं नाही. पवित्र शास्त्रातली स्तोत्रसंहिता काढून बघ. १५० स्तोत्रं आहेत, त्यातली कितीतरी निव्वळ गाऱ्हाणी आहेत. किती वेळ तोंड फिरवून बसणार आहेस, मला का टाकलंस, माझं ऐकत का नाहीस. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही. ज्यांनी तो ग्रंथ जुळवला त्यांनी ते स्तोत्र काढून टाकलं नाही. उपासनेत गायला ठेवलं. आपण मात्र रविवारी त्यातली हसरी स्तोत्रं तेवढी वेचून घेतो, आणि मग तुझ्यासारख्या मुलीला वाटतं की तिच्यासाठी देवळात गाणंच नाही.

काही दिवसांनी फ्राय त्याला घराबाहेर घेऊन गेला. जवळच्या एका शाळेतल्या संगीताच्या खोलीत पियानो होता. डॉर्सी त्यावर बसला आणि नुसती बोटं फिरवू लागला. बोटांत आली ती एक जुनी चाल, जॉर्ज अ‍ॅलनची १८४४ सालची, ‘मेटलंड’ या नावाने ओळखली जाणारी. लहानपणापासून ऐकलेली. त्या चालीवर शब्द येऊ लागले आणि ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे गाणं झालं.

या ठिकाणी जरा थांबते, कारण मला वाटतं तुझ्या कामाचं इथेच आहे. त्या वेळी त्याला नवी चालसुद्धा सुचली नाही, छोटे. शेकडो गाणी बांधणारा माणूस, आणि सगळ्यात वाईट दिवशी त्याच्याजवळ होती ती दुसऱ्याने रचलेली, जवळपास नव्वद वर्षांपूर्वीची चाल. ती त्याला पुरली. आणि तो तिथवर एकटाही गेला नव्हता, मित्राने हाताला धरून नेलं होतं.

आता गाणं काय म्हणतं ते बघ. त्यात कृतज्ञता नाही. देवा, तू केलंस ते भल्यासाठीच, असं एक अक्षर नाही. नेटीचं नाव नाही, बाळाचं नाही, कशाचंही स्पष्टीकरण नाही. गाणारा आपण थकलोय, दमलोय हे कबूल करतो. पुढे रात्र आहे, वादळ आहे. आणि तो हात मागतो, धरून घरी ने म्हणतो. संपलं. कुठेही तो आनंद दाखवायला गेला नाही. देवाशी अबोला धरून बसलेल्या माणसाने पहिलं वाक्य बोलावं ते असं, मागण्याचं. स्तुती त्याला अजून जमत नव्हती, म्हणून त्याने ती केली नाही. तरी तेवढ्या मागण्यातच किती विश्वास आहे बघ. हात मागायचा तर समोर कुणी आहे असं धरूनच मागावा लागतो.

ठेका फार संथ आहे. दोन शब्दांच्या मध्ये एवढी जागा सोडलेली असते की गाणारीने तिथे आपला श्वास, आपला हुंकार, काय हवं ते घालावं. डॉर्सी गाणी छापायचा तीही अशीच, नुसता सांगाडा. बाकीचं गाणारीच्या गळ्यावर सोडलेलं. त्यामुळे ते गाणं नेटीच्या मरणाचं असूनही ज्याच्या त्याच्या मरणाचं होतं. माझं म्हणशील तर पप्पांच्या वेळी मी आईजवळ रात्री बसले होते तेव्हा मला प्रार्थनेचा एक शब्द सुचत नव्हता, पण हे गाणं मनात चालू होतं.

आणि एक गोष्ट मी तुला बजावून सांगते. कुणी तुला म्हणेल, बघ, देवाने त्याची बायको नेली म्हणून जगाला एवढं गाणं मिळालं. असं म्हणणाऱ्यापुढे मान डोलवू नकोस. पप्पांच्या मातीला एका बाईंनी मला जवळ घेऊन सांगितलं, देवाला त्यांची जास्त गरज होती. बिचारीचा हेतू चांगला होता, पण माझ्या अंगावर काटा आला. डॉर्सीने ते गाणं नेटीच्या बदल्यात मिळालेलं म्हणून कधी मिरवलं नाही. ते दुःखाची किंमत म्हणून त्याच्या पदरात पडलेलं नाही. दुःख होतंच, त्यातून तो गाण्याचा आधार घेऊन चालला. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून तुझ्या दुःखातून काही मोठं, सुंदर निघालं पाहिजे, लोकांना साक्ष देता आली पाहिजे, असा हिशेब मनात ठेवू नकोस. काही नाही निघालं तरी चालेल. पप्पा गेले आणि तुला वाईट वाटतंय, एवढं पुरेसं आहे.

डॉर्सी त्यानंतर साठ वर्षं जगला. गायकवृंदांचं राष्ट्रीय अधिवेशन उभं केलं. सॅली मार्टिन नावाची खमकी बाई त्याच्याबरोबर होती, गाण्यांच्या विक्रीचा हिशेब तिने ताळ्यावर आणला, नाहीतर हा माणूस पैसे ड्रॉवरमध्ये टाकून विसरणारा. महेलिया जॅक्सन तेव्हा तरुण होती. ती त्याच्याबरोबर फिरून त्याची नवी गाणी लोकांना गाऊन दाखवायची, म्हणजे कागदाच्या प्रती विकल्या जात. तिच्यासाठी त्याने ‘पीस इन द व्हॅली’ लिहिलं, जे पुढे एल्विस प्रेस्लीनेही गायलं. १९४१ साली त्याने पुन्हा लग्न केलं, मुलं झाली. शिकागोतच २३ जानेवारी १९९३ रोजी, त्र्याण्णवाव्या वर्षी गेला.

‘प्रेशस लॉर्ड’ हे मार्टिन ल्यूथर किंग यांचं आवडतं गाणं. ४ एप्रिल १९६८च्या संध्याकाळी मेम्फिसमध्ये मोटेलच्या सज्जात उभे राहून ते खाली उभ्या असलेल्या बेन ब्रँच या वादकाशी बोलत होते. आज रात्रीच्या सभेत ते गाणं वाजव, छान वाजव, असं सांगितलं आणि त्यानंतर काही क्षणांतच गोळी लागली. त्यांच्या अंत्यविधीला महेलियाने ते गायलं. १९७२ साली महेलिया गेली तेव्हा तिच्यासाठी अरेथा फ्रँकलिनने गायलं. मोर्चातली माणसं, तुरुंगात गेलेली माणसं, ज्यांना उद्या काय होईल ठाऊक नाही अशी माणसं हे गाणं धरून चालली. ते एवढ्या लोकांच्या हाती टिकलं याचं कारण मला एकच दिसतं, डॉर्सीने त्यात आपल्याला तेव्हा जेवढं खरं वाटत होतं त्यापेक्षा एक शब्दही जास्त घातला नाही.

आता तू काय ऐकायचं ते सांगते. पहिल्यांदा महेलियाचं १९५६ सालचं ध्वनिमुद्रण ऐक. डोळे मिटून, एकटीने, इयरफोन लावून. ती शब्दावर कशी उशिरा येते ते बघ, जणू पुढे जायचं तिला जड जातंय. मग चौदा वर्षांच्या अरेथाने वडिलांच्या देवळात गायलेलं ऐक. मागून माणसांच्या हाका ऐकू येतात, त्या मला फार आवडतात, कारण तिथे गाणारी कधी एकटी पडत नाही. मग एखाद्या दिवशी, मन ठीक असेल तेव्हा, मा रेनीची १९२८ची गाणी लाव, ज्यांत पियानोवर जॉर्जिया टॉम आहे. तीच बोटं आहेत, तुला लगेच ओळखू येतील. आणि ‘से आमेन, समबडी’ नावाचा १९८२चा माहितीपट मिळाला तर आईला घेऊन बघ. त्यात म्हातारा डॉर्सी आहे, नेटीची हकिगत सांगतो. पन्नासेक वर्षं होत आली होती तेव्हा त्या गोष्टीला.

गायकवृंदाचं म्हणशील तर मला वाटतं तू सगळीच गाणी गायला पाहिजेस असं नाही. नाताळची, पुनरुत्थानाची, टाळ्यांची गाणी बाकीच्या मुली गातील. तू तिथे नुसती उभी राहा, नाहीतर बसून राहा. तुझ्या वाटचा आनंद त्या थोडे दिवस सांभाळतील, मंडळी त्याचसाठी असते. पण उपवासकाळाच्या आराधना येताहेत, तेव्हा गाऱ्हाण्याची गीतं लागतातच, आणि आपल्याकडे टिळकांच्या ‘अभंगांजली’त देवाची वाट बघणारे, त्याच्यासाठी तळमळणारे अभंग आहेत. त्यातला जो तुला आज खरा वाटेल तो एक निवड. एकच. नसेल खरा वाटत एकही, तर पुढच्या महिन्यात बघू.

गाताना मध्येच रडू आलं तर थांब. पेटी चालू राहू दे. पप्पांची पेटी आईने कापडात गुंडाळून कपाटावर ठेवली आहे, भाता जरा तपासून घे, पावसाळ्यात आत दमट होतो. नगरला तो दुरुस्त करणारे आहेत, मी पैसे पाठवते.

पाळकसाहेबांशी बोलावं लागेल, की काही महिने तू फक्त संथ गीतांना उभी राहशील आणि त्याबद्दल तुला कुणी काही विचारायचं नाही. ते समंजस आहेत, ऐकतील. त्यांना फोन मी करू, की तू करतेस?